चपला मोजणारी विशालाक्षी

विशालाक्षी माणसं मोजत नाही. जिवंत माणसांवर बोट रोखून एक-दोन-तीन म्हणायचं नसतं, त्यातलं एक कमी होतं, असं तिच्या आईनं लहानपणीच बजावून ठेवलेलं. तंजावरकडच्या त्यांच्या मराठी घरांत लग्नकार्यातसुद्धा 'किती माणसं आली' असं कुणी विचारत नसे, 'किती पानं मांडायची' असं विचारीत. पानं मोजा, पाट मोजा, माणसं नकोत. हा खुळचटपणा आहे हे तिलाही कळत होतं. वीस वर्षं मद्रासेतल्या मैलापूरच्या शाळेत इतिहास शिकवलेली बाई ती! पण वर्गातली हजेरीसुद्धा ती नावं पुकारून घ्यायची, डोकी मोजून कधी नाही.

आता अशा बाईनं नोकरी कुठली धरावी? तर लोकांना सहलीला नेण्याची! नवरा माधवराव बँकेत होता, तो गेल्यावर घर खायला उठायला लागलं. शाळेत मन लागेना. तेवढ्यात विश्वेश नावाचा तिचा जुना विद्यार्थी भेटला. पोरानं कंप्युटरची चांगली नोकरी सोडून शहराबाहेर शोळिंगनल्लूरला सहलींचं ऑफिस काढलेलं. म्हणाला, "टीचर, तुम्ही वर्गात जे सांगत होता ना, तेच वाळूत उभं राहून सांगायचं. बाकी सगळं मी बघतो."

वाळूत म्हणजे खरोखरच वाळूत. तमिळनाडूत वाळवंट कुठून आलं, असं ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, आणि विशालाक्षीला त्याचा मनापासून राग येतो. अहो, आहे! पार दक्षिणेला, समुद्राच्या अलीकडे, मैलच्या मैल लालभडक वाळूच्या टेकड्या आहेत. तिकडचे लोक त्याला 'तेरी' म्हणतात. वारा सुटला की टेकडी जागा बदलते, काल पाहिलेली वाट आज नसते. त्या वाळूच्या काठाला एका खेड्याबाहेर खणलेला लांबलचक खड्डा होता, वर पत्र्याचं छप्पर. खड्ड्यात ओळीनं रांजण. मातीचे, माणूस मावेल एवढे, कारण माणसांसाठीच केलेले. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली मेलेली माणसं त्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसवलेली, शेजारी वाडगी, धान्य, एखादा भाला.

शुक्रवारी संध्याकाळी एग्मोर स्टेशनावरून गाडीत बसायचं, शनिवारी सकाळी उघड्या जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर आरडाओरडा करीत हिंडायचं, मध्येच रांजण बघायचे, ताडांच्या सावलीत जेवायचं, रात्री तंबूत. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसांतली पोरं-पोरी हौसेनं यायची. जीप उडाली की किंचाळायची आणि खड्ड्याशी आली की गप्प व्हायची. गप्प होण्याचं कारण विशालाक्षी. तिचा नियम असा, की खड्ड्यापाशी चपला-बूट काढायचे. "ही कुणाची तरी वडील मंडळी आहेत," ती म्हणायची, "त्यांच्या घरात बूट घालून शिरायचें नाही." मग बांबूच्या आडव्याशी, म्हणजे आडव्या बांधलेल्या दांडीशी, पादत्राणांची रांग लागायची, आणि तीच विशालाक्षीची हजेरी. आडव्यापाशी एकही जोड उरला नाही म्हणजे सगळे वर आले. मग ती शिट्टी वाजवायची आणि दोन्ही जीपा निघायच्या. सात वर्षं हे चाललं आणि एक माणूस हरवलं नाही. विश्वेशनं दोनदा सांगून पाहिलं, टीचर, डोकी मोजा. तिनं कानामागं टाकलं.

आणि मग उमाकांत आले.

उमाकांत सदुसष्ट वर्षांचे, मूळचे वाईचे. मद्रासेजवळच्या आवडी गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून तिथंच स्थायिक झालेले. त्यांच्या मुलीला, प्राचीला, सातव्या महिन्यात मुलगा झाला. मूठभर पोर, काचेच्या पेटीत ठेवलेलं. तेव्हा कारखान्यातल्या एका तमिळ मित्रानं सांगितलं की तिरुच्चेंदूरच्या मुरुगनला नवस बोल. उमाकांत नवस बोलले: पोर जगलं तर अठ्ठेचाळीस दिवस अनवाणी राहीन आणि दर्शनाला येईन. पोर जगलं. अद्वय त्याचं नाव. दोन वर्षांचा झाला तेव्हा माघात उमाकांतांनी पायातल्या चपला काढल्या.

आता नवस फेडायला माणूस बायकोला घेऊन जातो. पण मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत बायका कार्तिकस्वामीचं तोंड पाहत नाहीत. पाहिलं तर सात जन्म वैधव्य, असं सांगतात. उमाकांतांच्या पत्नी जयवंतीबाई पस्तीस वर्षं मद्रासेत राहून कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मुरुगनाच्या देवळांसमोरून मान खाली घालून गेल्या. त्या कशाला येतील! प्राचीनं मग बापाचं एकट्याचं नाव विश्वेशच्या सहलीत घातलं. शनिवारी वाळवंट आणि रांजण, रविवारी सकाळी वेगळ्या मोटारीनं तिरुच्चेंदूर, तिथून तासाभराचीच वाट.

गाडीतच दोघांची गट्टी जमली. इतक्या तमिळ-इंग्रजी कलकलाटात कुणी मराठी बोलणारं भेटलं म्हणून विशालाक्षी हरखली, आणि तिची तंजावरी मराठी ऐकून उमाकांतांना हसू आवरेना.

"अक्का, तुम्ही 'जाहलें', 'मज' म्हणता तेव्हा मला बखर ऐकल्यासारखं वाटतं हो."

"आणि तुम्ही बोलतां तें मज भांडण केल्यासारखें वाटतें," ती म्हणाली.

सकाळी खड्ड्याशी पोचल्यावर सगळ्यांनी बूट काढले. चौदा माणसं, तेरा जोड. उमाकांतांनी विचारलं, "ही रांग कशाला मोजताय?" तिनं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "मग माझी मोजणी कशात करणार?"

"तुम्हांस नजरेंत ठेवीन की," ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. तेवढ्यात एका मुलीला उन्हानं चक्कर आली. विशालाक्षी तिला सावलीत नेऊन पाणी पाजत बसली. परतून पाहते तो आडव्याशी एकही जोड नाही. दुसऱ्या जीपवर राजगोपाल म्हणून ड्रायव्हर होता, त्यानं लांबून विचारलं, "सगळे आले का अक्का?" ती म्हणाली, "आले." आणि शिट्टी वाजवली. पुढच्या जीपवाल्यांना वाटलं, म्हातारबाबा मागच्या जीपमध्ये. मागच्यांना वाटलं, पुढच्या. त्यांच्याबरोबर घरचं कुणी असतं तर एका मिनिटात हाक मारली असती.

ते खड्ड्याच्या पार टोकाला, शेवटच्या रांजणापाशी, टेकून बसलेले होते. डोळा लागलेला.

पुढं दोन तास वाळूत जीपा हिंडल्या. ताडांखाली जेवणाची चौदा पानं मांडली, वाढून झालं, सगळे बसले, आणि एक पान रिकामं राहिलं. विशालाक्षीच्या हातातून सांबाराचं भांडं पडलं. राजगोपालनं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि जीप वळवली.

मागं राहिल्यापासून तीन तासांनी सापडले ते. खड्ड्यावर राखणदार असतो, पण तो जेवायला गेलेला. जाग आल्यावर कुणी दिसेना, म्हणून जीपच्या चाकोऱ्या धरून वाळूत निघाले. वाऱ्यानं चाकोऱ्या पुसल्या. फाल्गुनाचं भर दुपारचं ऊन आणि तव्यासारखी तापलेली वाळू, आणि नवसाचं म्हणून पायात काही नाही. एका झुडपाच्या विरळ सावलीत बसलेले होते, पाय उचलून, तळवे सोललेले. विशालाक्षी धावत गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून हात केला, आणि बाजूला बघून हळूच म्हणाले, "आले बघा, मी म्हणालो नव्हतो?"

बाजूला कुणीच नव्हतं.

जीपमध्ये घातल्यावर तिला म्हणाले, "एकटा नव्हतो हो मी. सोबत होती." कसली सोबत, त्या रांजणातल्यांची का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

दवाखान्यात विश्वेशनं फोनवर विचारलं, काय झालं. उमाकांतांनी विशालाक्षीच्या देखत सांगितलं, "काही नाही, मीच भरकटलो. म्हाताऱ्या माणसाचं लक्ष नसतं." एका कागदावर सहीही करून दिली. तिनं ऐकलं, आणि तोंडाला कुलूप घातलं. नवसाचं दर्शन राहिलं ते राहिलंच.

त्यांना मधुमेह होता. तळव्यांच्या जखमा भरेनात. आधी एक बोट काढलं, मग दुसरं, मग घोट्यापर्यंत पाय. आठ महिन्यांनी कार्तिकात ते वारले. त्या आठ महिन्यांत विशालाक्षी एकदाही आवडीला गेली नाही. गाडी होती, वेळ होता, पत्ता होता. तीनदा स्टेशनापर्यंत जाऊन परत आली. कुठल्या तोंडानं जायचं? शेवटी गेली ती तेराव्याला, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसायला.

आणि त्याच आठवड्यात पावलं वाजायला लागली.

रात्री-बेरात्री नव्हे. रात्री तिला छान झोप लागायची, याचीच तिला भीती वाटायची. पावलं वाजायची भर दुपारी बारा वाजता. मैलापूरच्या तळ्यामागं दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. जिन्यावरून कुणीतरी चढून यायचं. चपलेचा आवाज नाही, तळव्याचा. जरा चिकटून सुटणारा, सावकाश. दारापाशी येऊन थांबायचा. घंटी नाही, टकटक नाही. पहिल्यांदा तिनं दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर चिमूटभर लाल वाळू होती. समोरच्या घरातली शरण्या जिन्यातच भाजी निवडत बसलेली.

"कोण आलें होतें गं?"

"कुणी नाही अक्का. मी केव्हाची इथंच आहे."

सहलीच्या पिशवीतून सांडली असेल वाळू, असं म्हणून तिनं ओल्या फडक्यानं पुसली. फडकं लाल झालं. पण त्या महिन्यात ती सहलीला गेलीच नव्हती, हे तिला पुसून झाल्यावर आठवलं.

तुमचा-माझा विश्वास असो-नसो, तिचा बसला. इतिहासाची बाई, रांजणातल्या माणसांना ज्या हातानं सावकाश ब्रशनं झाडायची, तो हात आता दाराच्या कडीला लागेना. तिनं देवळात दिवा लावला, कावळ्याला घास ठेवला. एकदा तर बाजारातून पुरुषी चपलांचा नऊ नंबरचा कोरा जोड आणून दाराबाहेर ठेवला. शेजाऱ्यांना वाटलं, एकटी बाई, चोरांना घाबरून ठेवला असेल. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पावलं आली, चपलांशी थांबली. जोड जागचा हलला नाही. चपला नकोत त्यांना. मग काय हवंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढं सोडून ती सगळं करीत होती.

सहलींना जायची अजून. विश्वेशनं आता नावांची यादी दिलेली, ती पुकारायची. पण खड्ड्याच्या टोकाला शेवटच्या रांजणाकडे ती पाठ करून उभी राही. तिथून कुणीतरी हसत विचारील, "अक्का, माझी मोजणी?" असं तिला वाटे.

आवडीला मात्र ती दर महिन्याला जाऊ लागली. सेंट्रल स्टेशनावरून लोकल धरायची, हातात काहीतरी घरचं केलेलं. जयवंतीबाईंना वाटे, किती मायेची बाई! ना नात्याची ना गोत्याची, एका दिवसाची ओळख, तरी येते. दोघी स्वयंपाकघरात बसत. जयवंतीबाईंची वाईची मराठी आणि हिची तंजावरी. मद्रासेत इतक्या वर्षांत विशालाक्षीला आपल्या भाषेत असं सुखदुःख बोलायला कुणी मिळालं नव्हतं. तिला त्या घराची ओढ लागली, खरंच लागली. आणि जितकी ओढ लागली तितकं सांगणं अवघड झालं. आता बोललो तर हेही जाईल.

श्रावणात एकदा ती गेली तेव्हा प्राची आलेली होती, अद्वयला घेऊन. प्राचीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. आईनं शोळिंगनल्लूरला येऊन राहावं म्हणून ती हातापाया पडत होती. जयवंतीबाई भांडी घासत नुसत्या 'नको' म्हणत होत्या. अद्वय येऊन त्यांच्या पदराला धरायला लागला तशा त्या झटकन बाजूला झाल्या. पोर रडलं. प्राची त्याला उचलून रागारागानं निघून गेली.

"वहिनी, असें कां केलेंत?" विशालाक्षीनं विचारलं. "पोराचा काय दोष?"

जयवंतीबाईंनी नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले.

"मी त्याला पाहिलं अक्का."

"कुणाला?"

"कार्तिकस्वामीला." त्या खाली बसल्या. "हे सहलीला गेले ना, त्याच शनिवारी. शेजारच्या नातवाचं जावळ होतं, मुरुगनच्या देवळात. मी बाहेरच थांबणार होते. पण ते पोर माझ्याच कडेवर होतं, रडायला लागलं, त्याची आजी म्हणाली आत घेऊन या, आणि मी गेले. समोर उभी राहिले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. किती गोजिरा आहे हो तो! मी बघतच राहिले. घड्याळात साडेअकरा झालेले. आणि हे वाळूत हरवले ते साडेअकरालाच ना? आणि गेले ते कधी, तर कार्तिकात. त्याच्याच महिन्यात."

विशालाक्षी म्हणाली, "वहिनी, आमच्यांत बायका सर्रास जातात. मी लहानपणापासून जात्यें."

"तेच विचारायचं होतं तुम्हाला." जयवंतीबाईंनी वर पाहिलं. "तुमचे यजमान कधी गेले?"

"नऊ वर्षें जाहलीं."

जयवंतीबाईंनी मान हलवली. उत्तर मिळालं होतं त्यांना. "बघा," त्या म्हणाल्या. "म्हणून मी पोराला हात लावत नाही. नवसानं राहिलेलं पोर आहे ते. त्याच देवाचं. ह्यांना माझ्या नजरेनं नेलं, आता त्याला काही झालं तर? प्राचीला दुसरं व्हायचंय. मी त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

आता बोलायचं! आता नाही तर कधी? जिभेवर आलेलं होतं तिच्या: वहिनी, देवानं नाही नेलं, मी विसरले, मी चपला मोजल्या. एवढीच तर तीन वाक्यं. पण विशालाक्षी उठली, म्हणाली, "गाडीची वेळ जाहली," आणि निघाली. मला तिचा इथं भयंकर राग येतो. वाळूत झाली ती चूक होती. हे चूक नव्हतं.

त्यानंतर पावलं बारापर्यंत थांबेनात. सकाळी दहाला यायची, दुपारी तीनला यायची. दाराबाहेर थांबण्याऐवजी आता आत यायची. ती पोळी लाटत असली की मागं येऊन उभं राहायचं कुणीतरी. श्वास ऐकू यायचा, चालून थकलेल्या माणसाचा. फरशीवर वाळू, गादीवर वाळू, तांदूळ निवडताना तांदळात वाळू. "सांगेन," ती मोठ्यानं म्हणायची, "सांगेन हो, थोडा वेळ द्या मज." शरण्यानं एकदा विचारलं, अक्का, घरात कोण आलंय? कुणाशी बोलताय?

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी प्राचीचा फोन. आवाज रडवेला. "मावशी, तुमचं तरी ऐकेल आई. डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलंय, याही वेळी लवकर होईल म्हणतात. उन्मेष ऑफिसला गेला की अद्वयला बघायला कुणी नाही. आई म्हणते, मी नाही येणार, मी आले तर बाळ जगणार नाही. असं कसं बोलते हो ती? काय झालंय तिला?"

विशालाक्षीनं फोन ठेवला. घरात तिच्या मागं कुणीतरी उभं होतं. तिनं वळून पाहिलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि कुलूपसुद्धा न लावता निघाली.

आवडीला पोचली तेव्हा साडेअकरा झालेले. जयवंतीबाईंनी दार उघडलं, "अगं बाई, आज मध्येच?" म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

"चहा नको वहिनी. बसा. आणि मधें बोलूं नका, नाहीतर माझ्यानें होणार नाही."

तिनं उभ्यानंच सांगितलं. चपलांची रांग. चौदा माणसं, तेरा जोड. 'तुम्हांस नजरेंत ठेवीन' म्हणालेली. राजगोपालनं विचारलं तेव्हा 'आले' म्हणालेली. रिकामं पान. दवाखान्यात उमाकांतांनी आळ स्वतःवर घेतला आणि ती गप्प बसली. "देवानें कांही केलें नाही. तुम्ही कांही केलें नाही. तुमच्या बघण्यानें कुणाचें कांही होत नाही. माणूस मी विसरलें. तेवढेंच जाहलें."

जयवंतीबाई खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर. रडतील, ओरडतील, अंगावर धावून येतील, असं विशालाक्षीला वाटत होतं. तिला तेच हवं होतं.

"मला माहीत नव्हतं," जयवंतीबाई हळू म्हणाल्या. "पण आता कळतंय. ते खाटेवर पडून रोज विचारायचे, अक्का आल्या का? मी म्हणायची, कोण अक्का? म्हणायचे, त्या सहलीवाल्या. येतील बघ. आल्या की त्यांना चहा दे, आणि मला उठवून बसव, त्यांना काहीतरी सांगायचंय. पाय कापायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाले, आज येतील. मला वाटायचं, तापात बरळतायत." त्या खुर्चीतून पुढं वाकल्या. "तुम्हाला मोकळं करायला बसले होते हो ते! वाळूत तीन तास वाट पाहिली त्यांनी तुमची, आणि या खाटेवर आठ महिने. आणि तुम्ही आलात ती तेराव्याला, लाडू घेऊन."

विशालाक्षी जमिनीवर बसली. "वहिनी—"

"वहिनी नका म्हणू मला. मी त्या देवापुढं दीड वर्षं चोर झाले. नातवाला हात लावला नाही. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या हातचं खाऊन, मी सांगितलं तेव्हा गाडीची वेळ झाली म्हणालात तुम्ही!"

मग त्या उठल्या, फोन उचलला. "प्राची, उन्मेषला गाडी घेऊन पाठव. हो, आत्ता. अद्वयला बरोबर दे. येतेय मी. रडू नकोस, येतेय म्हटलं ना." फोन ठेवून त्या कपाटातून साड्या काढू लागल्या, एकेक घडी घालून पिशवीत भरू लागल्या. विशालाक्षी जमिनीवर बसलेली. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पिशवी भरून झाल्यावर, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "तुम्ही जा आता."

'या' म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा दारातून 'या' म्हणतात.

विशालाक्षी खाली आली. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभी राहिली. स्टेशन डावीकडे होतं, पण पाय उचलेनात. तासाभरानं गाडी आली. जावई उन्मेष उतरला, मागचं दार उघडून त्यानं अद्वयला खाली ठेवलं. जयवंतीबाई जिन्यात आल्या. पोर मागच्या वेळचं विसरलं नव्हतं, दोन पावलं गेलं आणि घाबरून थांबलं. जयवंतीबाईंनी पिशवी तिथंच टाकली, वाकल्या, आणि त्याला उचलून असं घट्ट धरलं की त्याच्या पायातला एक बूट निसटून पडला. किती वेळ त्या तशाच उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. उन्मेषनं बूट उचलला, पिशवी उचलली. सगळे गाडीत बसले. विशालाक्षीनं नकळत हात वर केला, तो तसाच राहिला.

गाडी वळली आणि फाटकाबाहेर गेली. रस्त्यावर ऊन होतं. कडुनिंबाखाली कुणी उभं आहे, हे गाडीतल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.